बरगंडीत आठ दिवस: पैसे कुठे जातात, कुठे वाचतात

बोनच्या बेकरीत सकाळी एक लांबट बगेत घेतला. एक युरो वीस सेंट. दुकानातून बाहेर पडून वीस पावलं चाललं की वाइनचं दुकान लागतं. तिथे काचेमागे आडव्या ठेवलेल्या एका बाटलीच्या गळ्यात चिठ्ठी होती: ९५० युरो. पाव हातात, गरम. बाटली काचेमागे. बरगंडीला सुट्टीसाठी जावं की नाही, परवडेल की नाही, असं मला कुणी विचारलं की या दोन किमती मी आधी सांगतो. या दोन आकड्यांच्या मध्ये भरपूर जागा आहे आणि त्या जागेत आपल्यासारखं नोकरदार कुटुंब आठ दिवस आरामात बसतं. फक्त पैसे नेमके कुठे जातात ते आधी माहीत हवं. ते वाइनमध्ये जात नाहीत. ते जातात बिछान्यात आणि चाकांत.

बरगंडी, फ्रेंचांची बूर्गोन्य, पॅरिसच्या आग्नेयेला आहे. दिजों शहराच्या दक्षिणेपासून न्वी-सँ-जॉर्ज, बोन, मर्सो अशी गावं ओलांडत सांतनेपर्यंत टेकडीच्या उताराची एक चिंचोळी पट्टी जाते. तिचं नाव कोत दॉर. जगातल्या सर्वांत महागड्या द्राक्षबागा याच उतारावर आहेत. आपल्याकडे शिवारात ‘वडाखालचं’, ‘ओढ्याकाठचं’, ‘माळावरचं’ अशी एकेका तुकड्याला नावं असतात, तशी इथेही आहेत. या नावाच्या तुकड्याला ते ‘क्लिमा’ म्हणतात. असे १,२४७ क्लिमा युनेस्कोने २०१५ साली जागतिक वारशात घेतले. इथल्या बागा शतकानुशतकं साधूंच्या मठांनी राखल्या: ९१० साली स्थापन झालेला क्ल्युनीचा मठ, १०९८ सालचा सितोचा मठ. नाशिक-दिंडोरीकडच्या वाचकांना एक गोष्ट पाहताक्षणी जाणवेल. इथले वेल कमरेच्या वर जात नाहीत आणि हेक्टरी दहा हजारांच्या आसपास दाटीने लावलेले असतात. तोडणीही आपल्यासारखी जानेवारी ते मार्च नसते. ती सप्टेंबरात, उन्हाळा कडक गेला तर ऑगस्टच्या शेवटीच.

या बागा पाहायला पैसे पडत नाहीत. रोमाने-कोंती ही दोन हेक्टरहूनही लहान बाग आहे, तिच्या बाटलीला हजारो युरो पडतात, आणि ती रस्त्याकडेला उघडी पसरलेली आहे. कमरेइतकी दगडी भिंत, एक जुना क्रूस, आणि आत पाऊल टाकू नका अशी विनंतीची पाटी. तिथे अर्धा तास उभा राहिलो. खर्च शून्य.

आता हिशेब. हल्ली युरो शंभरीच्या वर असतो. तोंडी हिशेब सोपा व्हावा म्हणून मी इथे १ युरो म्हणजे १०० रुपये धरतो. तुम्ही निघाल त्या दिवशी तो जितका वर असेल, तितके टक्के शेवटच्या आकड्यात मिळवा. खाली दिलेल्या किमती हंगामानुसार थोड्या मागेपुढे होतात.

निघण्याआधीचा खर्च

शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहाच्या आतल्यांना माफ. त्यावर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. मुंबई आणि पुण्यात केंद्रं आहेत. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यात जायचं असेल तर भेटीची वेळ मिळवण्याची धावपळ फेब्रुवारीतच सुरू करा, कारण एप्रिलमध्ये सगळा महाराष्ट्र त्याच रांगेत असतो. केंद्राची एसएमएस, ‘लवकर’, ‘खास’ अशी जोडसेवा घ्यायलाच हवी असं काही नाही. व्हिसा मिळण्याशी तिचा संबंध नाही.

प्रवास विम्यात वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोंचं असावं लागतं. दहा दिवसांचा असा विमा चाळिशीच्या माणसाला दीड-दोन हजार रुपयांत होतो. साठीच्या पुढच्या आई-बाबांना बराच जास्त पडतो आणि तिथे काटकसर करू नका. बँकेत पैसे किती दाखवायचे याचाही नियम आहे. हॉटेलचं आरक्षण झालेलं असेल तर माणशी दिवसाला ६५ युरो, राहण्याची सोय नसेल तर १२० युरो. म्हणजे राहण्याचं आरक्षण आधी केलंत तर कागदपत्रांतलं ओझंही हलकं होतं. मात्र व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारं आरक्षणच घ्या.

मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे. आखातातून बदलून जाणारं सहसा स्वस्त पडतं. ऑक्टोबरसारख्या महिन्यात साठ हजारांच्या आत-बाहेर आणि मेमध्ये ऐंशी हजारांच्या वर, असा ये-जा तिकिटाचा माझा अनुभव आहे. सहल कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस हा कर कापला जातो. तो बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पण पैसे काही महिने अडकतात, म्हणून दर आधी विचारून घ्या. माझं मत विचाराल तर बरगंडीसाठी पॅकेज घेऊच नका. पॅकेजमध्ये बोनला बहुधा बस थांबते, दीड तास मिळतो आणि बस स्वित्झर्लंडकडे निघते.

पॅरिसच्या विमानतळावरून शहरात येणाऱ्या रेल्वेचं तिकीट माणशी तेरा-चौदा युरो. गार द ल्यों स्थानकावरून दिजोंला वेगवान टीजीव्ही साधारण दीड तासात पोहोचते आणि तिथून बोन टीईआर या लोकलसारख्या गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. टीजीव्हीचं तिकीट विमानासारखं आहे: लवकर काढलं तर तीस-पस्तीस युरो, आयत्या वेळी सत्तरच्या पुढे. टीईआरचं तसं नाही. ते आठ-नऊ युरोंचं तिकीट त्याच दिवशी काढलं तरी चालतं. दोघांना ये-जा १८० युरो धरून चाला. विमान उतरल्या दिवशी लगेच पुढची गाडी पकडू नका. विमानाला उशीर झाला तर स्वस्तातलं टीजीव्हीचं तिकीट वाया जातं. पॅरिसमध्ये एक रात्र, साधं हॉटेल, १४० युरो.

झोपायची जागा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फ्रान्सच्या खेड्यात राहण्याचे दोन देशी प्रकार आहेत. पहिला ‘शांब्र दोत’, म्हणजे कुणाच्या तरी घरातली पाहुण्यांची खोली. नियमाने एका घरात अशा जास्तीत जास्त पाच खोल्या आणि पंधरा पाहुणे. न्याहारी भाड्यातच धरलेली असते. दोघांना रात्रीचे ८० ते १२० युरो. काही घरांत आधी सांगितलं तर रात्रीचं जेवणही मिळतं, यजमानांच्याच टेबलावर, माणशी तीसेक युरो. एकदोन रात्रींसाठी याहून चांगलं काही नाही.

दुसरा प्रकार ‘जीत’. म्हणजे स्वयंपाकघरासकट अख्खं घर, आठवड्याच्या भाड्याने. १९५५ पासून या घरांची देशव्यापी संघटना आहे, ‘जीत द फ्रान्स’ नावाची. गहू, द्राक्ष, गायी अशा सगळ्या मुलखांत तिची हिरवी-पिवळी पाटी दिसते. घरांना एक ते पाच कणसं असा दर्जा देतात. तीन कणसांचं घर आपल्याला पुष्कळ झालं. दोघांपुरतं छोटं घर आठवड्याला ४५० ते ५५० युरो, चार-पाच माणसांचं ६०० ते ९००. म्हणजे चौघांचं कुटुंब असेल तर रात्रीला शंभर-सव्वाशे युरोंत घर, अंगण, शेगडी, फ्रिज आणि कपडे धुण्याचं यंत्र. बोनमध्ये तेवढ्यात चौघांना एक खोलीही मिळणं कठीण.

पण जाहिरातीत दिसणारं भाडं हे पूर्ण भाडं नसतं. ‘मेनाज’ म्हणजे निघतानाच्या साफसफाईचे ५० ते ८० युरो. चादरी-टॉवेल बहुतेक ठिकाणी वेगळे, बिछान्यामागे दहाएक युरो. स्थानिक पर्यटन कर माणशी रात्रीला साधारण एक युरो, अठराच्या आतल्या मुलांना माफ. हिवाळ्यात काही घरांत हीटरची वीज मीटरप्रमाणे आकारतात. शिवाय ‘कोस्याँ’, म्हणजे अनामत रक्कम, २०० ते ५०० युरो. ती नंतर परत मिळते.

इथे आमचं एकदा चुकलं. घर आम्ही स्वतः झाडून-पुसून दिलं, म्हणून साफसफाईचे पैसे भरले नव्हते. कचरा मात्र एकाच पिशवीत बांधून ठेवला. काच, कागद आणि ओला कचरा असा वेगळा केला नाही. ६० युरो अनामतीतून गेले. मालकांनी भिंतीवर लावलेला कागद आम्ही वाचला नव्हता, फ्रेंचमध्ये होता म्हणून. फोनवर भाषांतर करून तो कागद पहिल्याच संध्याकाळी वाचा. घरात शिरल्या शिरल्या प्रत्येक खोलीचे फोटो काढा, आधीचे ओरखडे, फुटकी कपबशी, सगळं.

कुठल्या गावात राहायचं? बोनच्या तटबंदीच्या आत राहिलं तर सगळं पायाखाली आहे आणि भाडं सर्वांत जास्त. मला विचाराल तर बोनच्या दक्षिणेला मर्सो किंवा शान्यी बघा. दोन्हीकडे टीईआर थांबते. शान्यीला रविवारी सकाळी मोठा बाजार भरतो, कालव्याकाठी सायकलची वाट आहे, आणि घरं बोनपेक्षा जाणवण्याइतकी स्वस्त. त्याहून स्वस्त हवं असेल तर आणखी दक्षिणेला माकाँ-क्ल्युनीचा प्रदेश. तिथे द्राक्षबागांबरोबर कुरणं आहेत, पांढऱ्या गायी आहेत, सोल्युत्रेचा उभा कडा आहे. पण तिथे गाडीशिवाय अडतं.

नोव्हेंबरचा तिसरा रविवार मात्र टाळा. त्या दिवशी ओस्पिस द बोन या रुग्णालयाच्या वाइनचा लिलाव असतो, १८५९ पासून. त्या आठवड्यात बोनच्या पंचक्रोशीत खोली मिळत नाही, मिळाली तर दर दुप्पट.

चाकं

भाड्याची छोटी गाडी आठवड्याला २५० ते ४०० युरो. ऑटोमॅटिक हवी असेल तर बरीच जास्त, आणि आधी सांगावं लागतं. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या, फी हजार रुपये. मूळ परवानाही बरोबर हवा. गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवायची. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर मर्यादा ताशी ८० किलोमीटर, गावात ५०. पेट्रोल लिटरला पावणेदोन युरोच्या आसपास. टोल फक्त महामार्गावर, पॅरिस ते बोन पंचवीसेक युरो.

आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला गाडी भाड्याच्या खिडकीवरून रिकाम्या हाताने परत यावं लागलं. परवाना नवऱ्याचा, क्रेडिट कार्ड बायकोचं. अनामतीसाठी हजारेक युरो अडकवायचे होते आणि ते चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर. डेबिट कार्ड आणि फॉरेक्स कार्ड त्यांनी नाकारलं. आगाऊ भरलेले पैसेही गेले. तेव्हा घरातून निघतानाच चालकाच्या नावाचं, परदेशात चालू केलेलं, पुरेशी मर्यादा असलेलं क्रेडिट कार्ड खिशात आहे ना, ते बघा. तिथल्या यंत्रावर ‘रुपयांत की युरोत’ असा पर्याय आला तर नेहमी युरो निवडा. रुपये निवडले की दरात तीन-चार टक्क्यांचा चटका बसतो.

खरं सांगायचं तर आठही दिवस गाडी लागत नाही. दोन दिवस पुरे. बाकीच्या दिवशी टीईआर घ्या: जव्हरे-शांबेर्तां, व्हूजो, न्वी-सँ-जॉर्ज, बोन, मर्सो, शान्यी ही सगळी एकाच मार्गावरची स्थानकं आहेत. आणि सायकल घ्या. बोनपासून पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिन्यी-माँराशे करत सांतनेपर्यंत बावीसेक किलोमीटरची ‘व्हा दे व्हीन्य’, म्हणजे वेलींची वाट, थेट बागांमधून जाते. साधी सायकल दिवसाला वीस युरो, बॅटरीची पस्तीस-चाळीस. चढ फारसे नाहीत, साधी पुरते. ज्यांच्या गुडघ्यांची कुरकुर आहे त्यांनी बॅटरीचीच घ्यावी, त्या वीस युरोंत पुढचे दोन दिवस वाचतात. क्ल्युनीकडे गेलात तर तिथेही जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलची वाट आहे. १९९७ साली क्ल्युनी ते जिव्हरी सुरू झालेली ही फ्रान्समधली अशी पहिलीच.

एक गोष्ट मात्र कायद्याची आहे. रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा. नवीन परवानाधारकाला ०.२, म्हणजे जवळपास शून्य. पकडलं तर १३५ युरो दंडापासून सुरुवात. हा कायदा सायकलवाल्यालाही लागू आहे. चाखायचं त्या दिवशी रेल्वे, चालवायचं त्या दिवशी पाणी, असं ठरवूनच टाका.

पोटापाण्याचं

फ्रान्सच्या खेड्यात जेवणाची वेळ चुकली की जेवण चुकलं. दुपारी बारा ते दोन, रात्री सात ते नऊ. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरीच दुकानं बंद. सोमवारी संध्याकाळी घरात पोहोचलात आणि पिशवीत काही नसेल तर उपाशी झोपावं लागेल. म्हणून भाजणी, मेतकूट, डाळ-तांदळाची खिचडीची पुडी बॅगेत असू द्या. पण तूप, पेढे, बर्फी नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर ते काढून घेतले जातात.

घरात स्वयंपाक करायचा तर दोघांना दिवसाला पंचवीस-तीस युरोंत भरपूर होतं. त्यात चीज आलं, बाजारातली भाजी आली, सुपरमार्केटातली पाच-सहा युरोंची साधी बाटलीसुद्धा आली. बोनचा मोठा बाजार शनिवारी सकाळी. तिथे आम्ही एका म्हाताऱ्या बाईंकडून बकरीच्या दुधाची तीन चीज घेतली, अंगठ्याएवढी ताजी, मध्यम, आणि राखेसारखी कोरडी सुकलेली. कुठलं कधी खायचं ते त्यांनी बोटांनी दाखवलं: हे आज, हे उद्या, हे रविवारी. सहा युरो. त्या आठवड्यातलं आमचं सगळ्यात चांगलं जेवण तेच होतं, अंगणातल्या लोखंडी टेबलावर, बगेत आणि टोमॅटोबरोबर.

बाहेर खायचं तर दुपारी खा. ‘प्ला द्यू झूर’, म्हणजे आजचा पदार्थ, बारा ते सोळा युरो. दोन पदार्थांची ‘फॉर्म्यूल’ अठरा-वीस. तेच हॉटेल रात्री तीस-पस्तीस घेतं. पाण्यासाठी ‘उन काराफ दो’ एवढंच म्हणा, नळाच्या पाण्याचं भांडं फुकट येतं, तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे. नुसतं पाणी मागितलं तर पाच-सहा युरोंची बाटली टेबलावर येते. पाव जेवणाबरोबर असतोच. सेवाशुल्क किमतीतच धरलेलं असतं, टीप देण्याची सक्ती नाही.

शाकाहारींनी नीट ऐका. इथला प्रसिद्ध बफ बूर्गिन्यों गोमांसाचा. अंड्याचा म्हणून मागवलेला ‘अ ओं मरेत’ हा वाइनमधल्या अंड्यांचा पदार्थ, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, त्यांना ‘लार्दों’ म्हणतात. सॅलडमध्येही हे लार्दों येतात. ‘सान व्यांद, सान प्वासों, सान लार्दों’, म्हणजे मांस नको, मासे नको, लार्दों नको, हे तीनही शब्द कागदावर लिहून दाखवा. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर मासे आणून देणारे लोक भेटतात, त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो. गुझेर हे चीजचे फुगे अंडं चालणाऱ्यांना आवडतील. कोंते किंवा एप्वाससारखी परंपरागत चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेली असतात. कडक शाकाहारी असाल तर चीज घेताना तेही पाहा.

आणि दुकानात, बेकरीत, तळघरात, कुठेही शिरताना आधी ‘बोंझूर’. याला पैसे पडत नाहीत, पण न म्हटल्यास पुढचं सगळं महाग पडतं.

वाइन

मर्सोच्या एका तळघरात एका शेतकरीणबाईंनी दोन पेल्यांत पांढरी वाइन ओतली. दोन्ही त्यांच्याच हातची, एकाच वर्षाची, एकाच शार्दोने द्राक्षाची. मग आम्हाला दारात नेऊन त्यांनी रस्ता दाखवला. रस्त्याच्या खालची, सपाटीवरची बाग: बाटली १७ युरो. रस्त्याच्या वरची, उताराला लागलेली: ४२ युरो. मधे फक्त डांबरी रस्ता. वरच्या उतारावर पाणी निचरून जातं, चुनखडी वर येते, सकाळचं ऊन आधी लागतं. मी दोन्ही चाखल्या. फरक होता. पंचवीस युरोंचा होता का, हे मला सांगता येणार नाही, पण तो रस्ता पाहिल्यावर बरगंडीच्या बाटलीवरची चिठ्ठी मला पहिल्यांदा कळली.

ती चिठ्ठी चार पायऱ्यांची आहे. सर्वांत खाली नुसतं ‘बूर्गोन्य’, शेतकऱ्याच्या दारात १२ ते १८ युरो. त्यावर गावाचं नाव, जसं मर्सो, पोमार: २५ ते ५०. त्यावर ‘प्रेमिए क्रू’, पन्नाशीपासून शंभरपर्यंत. सगळ्यात वर ‘ग्राँ क्रू’, एकूण उत्पादनाचा एक-दोन टक्के, शंभराच्या पुढे कुठेही. आपण पहिल्या पायरीवर खरेदी करावी, पण ओळखीच्या शेतकऱ्याकडून. चांगल्या हाताची खालची वाइन मध्यम हाताच्या वरच्या वाइनपेक्षा बरी, हे तिथले लोकही सांगतात. अलिगोते हे दुसरं पांढरं द्राक्ष अजून स्वस्त आहे, आठ ते चौदा युरो. फेसाळ हवी तर ‘क्रेमाँ द बूर्गोन्य’, दहा-बारा युरो, शँपेनच्या पद्धतीनेच केलेली. माकाँकडची सँ-व्हेराँ आणि विरे-क्लेसे पंधराच्या आसपास मिळतात, आणि माझ्या मते पैशाचं मोल तिथे सर्वांत जास्त मिळतं.

चाखण्याचे पैसे: बोनमधल्या मोठ्या तळघरांत माणशी १५ ते ३० युरो, त्यात सहा-सात प्रकार आणि तळघराची फेरी. खेड्यातल्या शेतकऱ्याकडे दहा युरो, किंवा काही घेतलंत तर तेही नाहीत. पण तिथे आधी फोन किंवा मेल करून वेळ घ्यावी लागते. घरातलीच दोन माणसं बाग आणि तळघर सांभाळतात. तोडणीच्या दिवसांत त्यांना त्रास देऊ नये. फुकट चाखून काहीच न घेता निघणं तिथे बरं दिसत नाही, एक बाटली तरी घ्यावी. चाखलेली वाइन पिंपात थुंकणं हा मात्र शिष्टाचारच आहे, संकोच नको.

घरात न पिणारं कुणी असेल तर त्यांचाही दिवस भरतो. बोनचं ओतेल-द्यू पाहिल्याशिवाय येऊ नका, तिकीट तेराएक युरो. बरगंडीच्या ड्यूकचे मंत्री निकोला रोलाँ आणि त्यांच्या पत्नी गिगोन द सालाँ यांनी १४४३ साली गरिबांसाठी हे रुग्णालय उभारलं. रंगीत कौलांचं छप्पर सगळ्या फोटोंत असतं. मला मात्र आतला लांबच लांब कक्ष आठवतो. दोन्ही भिंतींना लाकडी पलंगांची रांग, लाल पांघरुणं, आणि पलंगावर पडल्या पडल्या प्रार्थनामंदिर दिसावं अशी रचना. इथे १९७१ पर्यंत रुग्ण होते. लोकांनी दान दिलेल्या द्राक्षबागांच्या उत्पन्नावर हे चाललं आणि लिलावाचे पैसे आजही रुग्णालयाकडे जातात. व्हूजोचा साधूंचा जुना वाडा दहाएक युरोंत पाहता येतो, तिथले प्रचंड लाकडी द्राक्षदाब पाहण्यासारखे आहेत. बोनमध्येच १८४० पासूनची फालोची मोहरीची गिरणी आहे. घरी नेण्यासाठी मोहरीच्या बरणीएवढी सोयीची भेट दुसरी नाही, तीन-चार युरो. पण ती हातातल्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

भारतात येताना प्रत्येक प्रौढाला दोन लिटर मद्य करमुक्त. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या माणशी. तिसरीवर भरमसाट शुल्क बसतं, त्या भानगडीत पडू नका. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत.

दोघांचा, बरगंडीतल्या सात रात्री आणि पॅरिसमधली एक धरून, आमचा हिशेब असा झाला: पॅरिस विमानतळाची ये-जा ५६ युरो, पॅरिसची रात्र १४०, रेल्वे १८०, घर साफसफाई-चादरी-करासकट ५६०, खाणं ४५० (त्यात चार दुपारची आणि एक रात्रीचं जेवण बाहेर), सायकली दोन दिवस ८०, गाडी दोन दिवस पेट्रोलसकट १८०, तिकिटं ७०, चाखणं १००, बाटल्या ८०, स्थानिक रेल्वे-बस-टॅक्सी ६०. बेरीज १,९५६. अडीअडचणीला दीडशे धरून २,१०० युरो, म्हणजे २ लाख १० हजार रुपये. व्हिसा आणि विमा दोघांचा मिळून २७ हजार. विमान १ लाख ४० हजार. एकूण पावणेचार लाखांच्या आसपास. चौघं गेलात तर विमान दुप्पट होतं, पण घर दुप्पट होत नाही, ४ ते ११ वर्षांच्या मुलांना रेल्वेत सवलत असते, आणि माणशी खर्च खाली येतो.

हाच प्रवास रोज नवं गाव, रोज नवं हॉटेल असा केलात तर राहण्या-फिरण्याचा खर्च सहज दुप्पट होतो. एकाच गावात सात रात्री राहा. चौथ्या दिवशी बेकरीवाली तुम्हाला न विचारता बगेत काढून ठेवते.

जायचं कधी? जून उत्तम, रात्री साडेनऊपर्यंत उजेड. दिवाळीच्या सुट्टीत, ऑक्टोबरच्या शेवटाला, पानं पिवळी होतात, घरं स्वस्त होतात, थंडी स्वेटरपुरतीच असते. मेमध्ये फ्रान्सच्या सुट्ट्याही खूप येतात, त्यामुळे जानेवारीतच घर बघा. आणि विमानाचं तिकीट काढण्याआधी एक तपासा: हंगामात जीतचं आरक्षण बहुतेक ठिकाणी शनिवार ते शनिवारच मिळतं.